हायपो, शंख आणि मावशींच्या कुरडया

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सध्या दोन वाळवणं पडली आहेत. जिन्यापाशी दुसऱ्या मजल्यावरच्या मावशींच्या गव्हाच्या कुरडया आणि पार पलीकडे, पाण्याच्या टाक्यांमागे, माझे शंख-शिंपले. दोन्हींत पंधरा पावलांचं अंतर हवं, हा मावशींचा दंडक. पहिल्या दिवशी मी जुन्या चादरीवर शिंपले मांडत होतो, तेव्हा त्या हातातला सोऱ्या तसाच धरून बघत उभ्या राहिल्या.

"काका, हे कशाला वाळवताय?"

"धुतलेत. माशांच्या टाकीत घालायचेत."

"तुमची टाकी खाऱ्या पाण्याचीच ना? मग समुद्रातनं आलेलं परत समुद्रात जायचंय, त्याला धुवायचं काय?"

प्रश्न चोख होता. मी काहीतरी पुटपुटून वेळ मारून नेली. नीट उत्तर द्यायचं तर जिलबीपासून सुरुवात करावी लागली असती आणि तिकडे मावशींचा चीक गार होत होता.

जिलबी म्हणजे आमचा मासा. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली क्लाउन फिशची जोडी आणली, तेव्हा नातवाने एकाचं नाव जिलबी ठेवलं, दुसऱ्याचं केशर. कर्वेनगरच्या आमच्या हॉलमध्ये तीन फुटी टाकी आहे. खडक आणि वाळू वजा जाता पाणी साधारण १३० लिटर. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर. समुद्र राहिला घाटाखाली, तेव्हा तो मीठ कालवून घरीच करावा लागतो, लिटरला सुमारे ३५ ग्रॅम. दर रविवारी तेरा लिटर पाणी बदलायचं म्हणजे जवळजवळ अर्धा किलो मीठ, तेही टाकीसाठीचं खास. एवढ्या मिठात वर्षाचं लोणचं झालं असतं, असं बायको आता बोलून दाखवत नाही. पण बादली उचलताना तिच्याकडे बघायचं मी टाळतो.

तर गेल्या नाताळच्या सुट्टीत मुलगी, जावई आणि नातू दिवेआगरला गेले होते. परत येताना ताम्हिणीत जावयाने दोनदा गाडी थांबवून सीटखाली उंदीर मेलाय का ते बघितलं. वास येत होता नातवाच्या खाऊच्या डब्यातून. त्यात सतरा शिंपले होते आणि मोठ्या लिंबाएवढा एक शंख, तपकिरी पट्ट्यांचा, टोकाशी थोडा झिजलेला. घरात पाऊल टाकल्या टाकल्या तो शंख माझ्या हातात. "आबा, हा तुमच्या समुद्रात ठेवा."

नातवाने एवढं जपून आणलेलं. मी नळाखाली धरला, जुन्या टूथब्रशने घासला, हलवून बघितला. आतून काही वाजलं नाही, बाहेरून चकचकीत दिसला. सोडला टाकीत.

तिसऱ्या दिवशी पाणी ताकाच्या निवळीसारखं दिसायला लागलं. जिलबी पंपाच्या तोंडाशी, पाण्याच्या वरच्या थराला लटकून, कल्ले भराभर हलवत होती. अमोनियाच्या टेस्टचे थेंब टाकले. पिवळा रंग यायला हवा होता, आला हिरवा. समुद्राच्या पाण्याचा सामू (पीएच) ८.२ च्या आसपास असतो आणि सामू जितका चढा तितका अमोनियातला विषारी अंश जास्त. गोड्या पाण्यातला मासा जेवढा अमोनिया कसाबसा सोसेल, तेवढा इथे जीव घेतो. लागोपाठ दोन रात्री तीस-तीस लिटर पाणी बदललं. केशर तरली. जिलबी तिसऱ्या सकाळी वाळूवर आडवी सापडली.

मग शंख बाहेर काढला. तोंडाशी नाक नेलं आणि मागे झालो. सायकलच्या स्पोकचं टोक वाकवून आत घातलं. पहिलं वेटोळं स्वच्छ. दुसरं स्वच्छ. तिसऱ्यात तार अडकली आणि ओढल्यावर करड्या रंगाचा, मऊ, लोण्यासारखा गोळा थोडा थोडा बाहेर यायला लागला. गोगलगाय मरताना आक्रसून पार आतल्या खोलीत जाऊन बसली होती. मी ओसरी झाडून घर झाडलं म्हणत होतो.

नातवाने फोनवर विचारलं, "माझ्या शंखामुळे?" मी म्हटलं, "नाही रे, माझ्या धुण्यामुळे."

हे मला दुप्पट लागलं, त्याला कारण आहे. तीस वर्षं मी फोटो स्टुडिओ चालवला. त्यातली निम्म्याहून जास्त डार्करूममध्ये गेली. ज्यांच्याकडे मी काम शिकलो, ते काका फोटो डेव्हलप करायला आठवड्यात शिकवायचे आणि फोटो धुवायला वर्षभर. हायपो नावाच्या रसायनात फोटो पक्का होतो, पण तोच हायपो कागदात राहिला की काही वर्षांनी फोटो पिवळा पडतो, डागाळतो. म्हणून नळाखाली, वाहत्या पाण्यात, जाड कागद असेल तर तासभर. "घाण काढायला धुतोस तो धोबी. धुतलेलं धुतोस तो फोटोग्राफर," असं म्हणून ते माझ्या ट्रेमध्ये बोट बुडवायचे आणि बोटाला बुळबुळ लागली की सगळे प्रिंट परत नळाखाली. ही एवढी तालीम झालेला माणूस मी, आणि शंख दोन मिनिटांत उरकला.

डार्करूम बंद झाली तरी ट्रे मी टाकले नव्हते. लाल, पांढरा आणि करडा. आता त्यांत शिंपले भिजतात. गंमत म्हणजे रसायनंही जवळपास तीच आहेत. डेव्हलपरनंतरच्या स्टॉप बाथमध्ये असतं ते ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरचाच आंबट वास. आणि मत्स्यालयाच्या दुकानात पुडीतून "अँटीक्लोरीन" म्हणून जे खडीसाखरेसारखे स्फटिक मिळतात ते सोडियम थायोसल्फेट, म्हणजे आमचा हायपो. दुकानातल्या पोराला हे सांगितलं तर तो म्हणाला, "काका, हायपो म्हणजे काय?" वय झाल्याची जाणीव अशी पुडीतून येते.

व्हिनेगरचं आधी सांगतो, कारण सगळेजण तेच सुचवतात. "शिर्क्यात टाका, लख्ख होईल." शिंपला हा बहुतेक कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुनखडीचा भाऊ. जुन्या घरांत स्वयंपाकघराला शहाबादी फरशी असायची, तीही चुनखडीच. तिच्यावर लिंबाची फोड रात्रभर पडून राहिली की सकाळी तिथे पांढुरका, खरबरीत डाग, आणि तो किती घासला तरी जात नाही. कारण तो डाग नसतोच. तिथली फरशी विरघळलेली असते. शिंपला व्हिनेगरमध्ये टाकला की बुडबुडे येतात ते घाण निघाल्याचे नव्हेत, शिंपला खर्च होत असल्याचे. कवडीचं तर वाटोळंच होतं. तिची ती काचेसारखी झिलई एकदा गेली की परत आणता येत नाही. मी एक कवडी मुद्दाम तासभर ठेवून बघितली. बाहेर काढली तेव्हा खडूच्या तुकड्यासारखी दिसत होती.

व्हिनेगर मी वापरतो ते पंपाला. पंपाच्या पंख्यावर आणि जाळीवर पांढरे क्षार बसतात, जांभळट गुलाबी कवचासारखं शेवाळ चढतं. निम्मं पाणी, निम्मं व्हिनेगर, तासभर बुडवून ठेवायचं, ब्रश फिरवायचा, भरपूर धुवायचं. हीटरच्या काचेलाही तेच, अर्थात बटण बंद करून आणि काच गार झाल्यावर.

साबण, भांड्यांचं लिक्विड, कपड्यांची पावडर यांतलं काहीही नाही. शिंपल्याला बारीक छिद्रं असतात, शंखाला जिना असतो आणि फेस त्यात जाऊन बसतो. हातालाही साबण नको. टाकीत हात घालण्याआधी मी नुसत्या पाण्याने कोपरापर्यंत धुतो.

आता माझी आजची पद्धत. सुरुवात होते कोकणातच. शिंपला उचलला की उलटा करून जरा वेळ तळहातावर ठेवायचा. आत संन्यासी खेकडा, म्हणजे रिकाम्या शंखात बिऱ्हाड करणारा खेकडा असेल तर पाय बाहेर येतात. आले तर जिथून उचलला तिथेच ठेवायचा. रिकामा दिसला तरी सगळे गोळा करायचे नाहीत, कारण तिथल्या खेकड्यांनाही बिऱ्हाडं बदलायची असतात. यंदा मार्चमध्ये आम्ही सगळेच दिवेआगरला गेलो, तेव्हा नातवाला सांगितलं, मूठभरच. त्याने विचारलं, "कुणाची मूठ?" मी म्हटलं, तुझी. त्याने बाबांची धरली.

खरेदीच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. पर्यटनस्थळी दुकानांत चकाकणारे शंख मिळतात, त्यांवर बहुतेक वेळा वॉर्निश असतं. नेलपॉलिश काढायच्या द्रवात कापूस बुडवून आतल्या कडेला घासून बघा. कापूस चिकट झाला आणि चकाकी उतरली तर तो शंख शोकेसमध्येच बरा. रंगवलेले, सोनेरी कडा लावलेले तर प्रश्नच नाही. आणि पांढऱ्या प्रवाळाचा सांगाडा "टाकीत छान दिसेल" म्हणून कुणी विकत असेल तर सरळ पुढे व्हा. प्रवाळ, समुद्रपंखे, काळं प्रवाळ हे सगळं २००१ सालापासून १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. वाघाच्या पंगतीला. नॉटिलस, ट्रायटनचा मोठा शंख आणि महाकाय शिंपल्यांच्या काही जातीसुद्धा. वास्तुदोषावर उपाय म्हणून "इंद्रजाल" नावाने काळ्या जाळीदार फांद्या फ्रेम करून विकतात, त्याही वनस्पती नाहीत, समुद्रातल्या प्राण्यांच्या वसाहती आहेत. आमच्या ओळखीत एका घरी दारावरच लावलंय. सांगितलं तर म्हणाले, घरात शांती आहे. असो.

घरी आणल्यावर पहिलं काम मुंग्यांचं. हे शहाणपण बायकोचं, ती गुहागरकडची. जिलबीच्या प्रकरणानंतर ती म्हणाली, "अहो, आमच्याकडे शंख घासत नाहीत, पुरतात." गच्चीवर वांग्याची एक रिकामी कुंडी होती. त्यात शंख तोंड खाली करून, वितभर खोल, वर माती. तीन आठवडे. मुंग्या आणि मातीतले बारीक जीव जिथे माझी तार पोचत नाही तिथे जातात. सपाट शिंपल्यांना याची गरज नसते, त्यांना आठवडाभर साध्या पाण्यात, रोज पाणी बदलून ठेवलं की पुरतं.

मातीतून काढल्यावर सुई नसलेल्या मोठ्या सिरिंजने आत पाण्याची पिचकारी. आधी माती येते, मग वाळू, मग कधीतरी एखादा काळा कण. पाणी नितळ येईपर्यंत. हातमोजे घालून. शिंपल्याची कड सुरीसारखी लागते आणि माशांच्या पाण्यातून हाताच्या जखमेत शिरणारा मायकोबॅक्टेरियम मरिनम नावाचा जंतू असतो. त्याची गाठ महिनोन् महिने बरी होत नाही.

मग लाल ट्रे. साधं द्रव ब्लीच, बिनवासाचं, बिनरंगाचं, ज्यात साबण मिसळलेला नाही असं. एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी, चोवीस तास. प्लास्टिकचंच भांडं. शंख बुडवताना तिरका करून आतली हवा बाहेर काढायची, नाहीतर बुडबुडा आतच राहतो आणि नेमकी शेवटची खोली कोरडी राहते. पहिल्या वेळी माझं हेच झालं होतं. शिंपल्यावरची तपकिरी साल यात सुटून येते, ती येऊ द्यावी. पण "अजून पांढरा होईल" म्हणून चार-चार दिवस ठेवू नये. शिंपल्यात चुन्याचे थर बांधून ठेवणारं प्रथिनही असतं, ब्लीच तेही खातं, मग कडा भुगा होऊन सुटतात.

इथे एक गोष्ट हसण्यावारी न्यायची नाही. मागे मी ब्लीचचा ट्रे बाथरूममध्ये उचलून नेला आणि तिथल्या बादलीत ओतायला लागलो. बादलीच्या तळाला संडास धुवायच्या ॲसिडवाल्या द्रवाचा थोडा अंश होता. मला दिसला नव्हता. हिरवट काही दिसलं नाही, पण नाकात एकदम सणक गेली, डोळे चुरचुरले, घशाला चिमटा बसला. ट्रे तिथेच ठेवून बाहेर, दार ओढून घेतलं, घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. खोकला संध्याकाळपर्यंत टिकला. तो क्लोरीन वायू होता. ब्लीचमध्ये कुठलंही ॲसिड पडलं की तो सुटतो. व्हिनेगरही त्यातच आलं, लिंबूही. अमोनियाच्या काच-क्लीनरशी गाठ पडली तर वेगळा पण तितकाच वाईट वायू. तेव्हापासून ब्लीचचं काम फक्त गच्चीवर, नातू खाली असताना, आणि बादलीवर मार्करने "शंख" असं लिहून ठेवलंय. मावशींनी विचारलं, शंख म्हणजे पूजेचा का? मी म्हटलं, सध्या तरी त्याला हात लावू नका.

ब्लीच झालं की माझी खरी नोकरी सुरू होते. धुतलेलं धुणं. पांढऱ्या ट्रेमध्ये साधं पाणी, दिवसातून तीनदा बदलायचं, दोन दिवस. मग करड्या ट्रेमध्ये हायपो. दहा लिटर पाण्याला चहाचा एक चमचा स्फटिक, रात्रभर. उरलेल्या क्लोरीनला तो निकामी करतो. (हायपोच्या ट्रेमध्ये व्हिनेगरचा थेंब नको. ॲसिडने हायपो फुटतो, पाणी दुधाळ होतं, गंधकाचा वास येतो. डार्करूममध्ये शिकाऊ पोरं हे महिन्यातून एकदा करायचीच.) मग परत साधं पाणी, आणि शेवटचं धुणं आरओच्या पाण्याने. आमच्याकडे खडकवासल्याचं पाणी येतं तोवर ठीक, पण एप्रिलपासून सोसायटीत टँकर यायला लागतो. त्याचं पाणी माझ्या टीडीएस मीटरवर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्रावर, सहाशेच्या पुढे आकडा दाखवतं. तीन आठवड्यांची मेहनत त्यात बुचकळण्यात अर्थ नाही.

नातवाने एकदा मदत म्हणून सगळे शिंपले देवघरातल्या ताम्हनात मांडून वर पाणी ओतलं होतं. पळत जाऊन काढले. तांबं माणसाला देवघरात शोभतं, पण कोळंबी, गोगलगाई, खेकडे यांना त्याचा अंशसुद्धा सोसत नाही. म्हणून पितळ, तांबं, लोखंडी तार, नाणी यांतलं काही टाकीत नको आणि धुण्याच्या भांड्यातही नको. त्यानंतर त्याची नजर देव्हाऱ्यातल्या शंखावर गेली. तो रोज धुतला जातो, आबा, म्हणजे तो स्वच्छच आहे ना? मी काही बोलायच्या आत आतून आवाज आला, "त्याला हात लावलास तर बघ."

स्वयंपाकघरातून शिंपले मिळवायचा एक सोपा मार्ग आहे. गणेश पेठेच्या मासळी बाजारातून तिसऱ्या आणल्या की वाफेवर त्या आपोआप उघडतात आणि मांस सहज सुटतं. मसाला पडायच्या आतच शिंपल्या बाजूला काढायच्या. एकदा वाटण लागलं की तेल निघत नाही. माझ्या टाकीच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात ज्या शिंपल्यांचा ढीग आहे, त्यांचं सुकं आम्ही फेब्रुवारीत खाल्लं.

उकळण्याचा विषय निघालाच आहे तर एक सांगून ठेवतो. रिकामे शिंपले पाच-दहा मिनिटं उकळले तर बिघडत नाही, फार तर रंग फिका होतो. पण टाकीतला जिवंत खडक कधीही, कधीही उकळायचा नाही आणि त्यावर वाफ किंवा उकळतं पाणी सोडायचं नाही. खडकावर बटणांसारखी झोअँथिड्स नावाची, प्रवाळांच्या नात्यातली प्राणी-वसाहत असते. त्यांतल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असतं, वाफेबरोबर ते श्वासात जातं. परदेशात यामुळे घरातली सगळी माणसं एकदम रुग्णालयात गेल्याची प्रकरणं झाली आहेत. शेवाळ आलं असेल तर खडक टाकीबाहेर काढून, पाणी बदलताना काढलेल्या जुन्या खाऱ्या पाण्यातच खळबळायचा. नळाचं गोडं पाणी लावलं की त्यावर राहणारे उपयोगी जिवाणू मरतात, आणि अमोनिया पचवायचं काम तेच करत असतात. त्याच कारणाने मी सगळी सजावट एकाच रविवारी धूत नाही. या रविवारी खापराचा माठ, पुढच्या रविवारी शिंपले, त्याच्या पुढच्या रविवारी काहीच नाही.

खापराचा माठ कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातला, बिनरंगाचा, तोंड फुटलेला. दुकानदाराने फुकट दिला. केशर त्यातच झोपते. एका मित्राने मात्र वाघोलीच्या खाणीतला कॅव्हन्साइटचा निळा स्फटिक आणून दिला, टाकीत ठेव, काय दिसेल! दिसेल, खरंच दिसेल. पण त्यात व्हॅनेडियम असतं, आणि पाण्यात हळूहळू काय उतरेल त्याची हमी मी देऊ शकत नाही. तो टीव्हीशेजारी ठेवलाय.

आता वाळवण. इथेच सगळ्यांची घाई होते. बाहेरून शंख दोन तासांत वाळतो आणि आत पाणी तसंच असतं. मी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा वापरतो. नातवाचा तो तपकिरी पट्ट्यांचा शंख (हो, तोच, टाकून द्यायचा जीव झाला नाही. चार महिने बाथरूमच्या खिडकीत बरणीत पडून होता, एप्रिलमध्ये कुंडीत गेला) पहिल्या दिवशी ६४ ग्रॅम भरला. दुसऱ्या दिवशी ६१. चौथ्या दिवशी ५८. सहाव्या दिवशी ५७, सातव्या दिवशीही ५७. आकडा हलायचा थांबला की पाणी संपलं असं मी धरतो. रोज सकाळी तोंड खाली, दुपारी तोंड वर, कुरडया उलटतात तसं. मेच्या उन्हात एवढं जमतं. पावसाळ्यात हे काम काढूच नये, जुलैत शिंपले आठवडेच्या आठवडे चिंब राहतील आणि त्यांना बुरशी येईल. कावळ्यांवर मात्र लक्ष ठेवावं लागतं. एक कवडी परवा नेली. मावशींच्या कुरडयांना ते तोंड लावत नाहीत, माझी कवडी नेतात. मावशींनी याचा अर्थ काय काढला असेल ते त्यांच्या हसण्यावरून कळलं.

वाळल्यावरही थेट टाकीत नाही. छोट्या बादलीत खारं पाणी, त्यात शिंपले, दोन दिवस झाकून, मग अमोनियाची टेस्ट. थेंब पिवळेच राहिले तर पुढे.

यंदा घाईचं कारणही आहे. टाकीतला आमचा संन्यासी खेकडा वाढलाय आणि त्याचं घर त्याला आखूड पडतंय. असा खेकडा नवीन घर मिळालं नाही तर टाकीतल्या जिवंत गोगलगाईवर चालून जातो, तिला मारून तिचा शंख बळकावतो. पुण्यातल्या भाडेकरूंवरही इतकी वेळ येत नाही. त्याला साधारण लिंबाएवढंच घर लागणार आहे.

नातू रोज रात्री फोन करतो. "आबा, ठेवला?" परवा अमोनियाचे थेंब पिवळे आले, वजन ५७ वर ठाम, म्हणून मी शंख रात्रभर झाकणबंद बरणीत ठेवला. ही शेवटची परीक्षा आणि तिची परीक्षक बायको आहे. डार्करूमने माझं नाक कधीच निकामी केलंय, तिचं मात्र बाजारात पापलेट हातात न घेता शिळं ओळखतं. काल सकाळी चहाच्या आधी बरणी तिच्यापुढे धरली. तिने झाकण काढलं, नाक आत नेलं, डोळे मिटले.

"काय?"

"थांबा जरा." परत एकदा हुंगलं. "अहो, आहे अजून. अगदी आत. थोडासा."

मी बरणी घेऊन गच्चीवर गेलो. मावशी कुरडया डब्यात भरत होत्या. म्हणाल्या, जागा रिकामी झाली, आता पाहिजे तर इकडे मांडा, इकडे ऊन जास्त वेळ असतं.